आगरकर आणि कोल्हापूरची बनावट पत्रे

चंदगड : गोपाळ गणेश आगरकर म्हटले की बुद्धिवादी, निर्भीड सुधारक डोळ्यांसमोर येतो. पुराव्यावाचून काहीही मानू नये, असे आयुष्यभर सांगणारा हा माणूस वयाच्या सव्विसाव्या वर्षी मात्र बनावट पत्रांवर विश्वास ठेवून तुरुंगात गेला होता. ते प्रकरण घडले कोल्हापूर दरबाराभोवती. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात असल्याने या भागात त्याची आठवण कमी निघते. पण एखाद्या कोवळ्या जिवाच्या छळाचा खोटा आरोप कसा उभा राहतो, हे समजून घेण्यास त्याच्याइतके बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी, अत्यंत गरिबीत झाला. डेक्कन कॉलेजात टिळकांशी मैत्री जुळली. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ निघाले. ‘केसरी’चे संपादन आगरकरांकडे, तर ‘मराठा’चे टिळकांकडे होते.

त्याच सुमारास कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज वेडे झाल्याची चर्चा सुरू होती. दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये फ्लॉरेन्स येथे वारले. त्यानंतर दत्तक येऊन हे गादीवर बसले तेव्हा त्यांचे वय अवघे आठ वर्षांचे होते. आता ते अठरा-एकोणीस वर्षांचे होते आणि कारभार सर्वस्वी इतरांच्या हाती होता. महाराज मुळात वेडे नाहीत, त्यांचा छळ करून त्यांना वेडे ठरवले जात आहे, असा समज पुण्यात बळावला. संशयाचे बोट कारभारी माधवराव बर्वे यांच्याकडे वळले. मग महाराजांविरुद्धचे कारस्थान सिद्ध करणारी, बर्व्यांची म्हणून दाखवली जाणारी पत्रे पुढे आली आणि दोन्ही पत्रांनी बर्व्यांवर आरोप केले.

येथे जरा थांबून पाहायला हवे. तरुण राजाची अवस्था खरोखरच करुण होती. त्यात खोटे काही नव्हते. इंग्रजी अमलाविषयीचा अविश्वासही निराधार नव्हता. वाड्यात काय चालते, हे बाहेरच्या माणसाला पडताळून पाहता येत नव्हते. लोकांना गुन्हेगार हवा होता आणि पत्रांनी तो नेमका हातात दिला. आधीच मनात ठरलेल्या गोष्टीला पत्रे जुळत होती, म्हणून ती खरी वाटली. संपादकांचा हेतू वाईट नव्हता, असे आमचे मत आहे. पण बर्व्यांच्या अब्रूला त्याचा काय उपयोग?

बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला. पत्रे बनावट असल्याचे उघड झाले. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी खटला थांबला नाही. महात्मा फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे जामीन राहिले, हाही या कथेतला एक हृद्य भाग. जुलै १८८२ मध्ये मुंबईत दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते डोंगरीच्या तुरुंगातून बाहेर आले. त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे, म्हणजे वेडा मानल्या गेलेल्या राजपुत्राच्या नाटकाचे, ‘विकारविलसित’ हे त्यांचे मराठी रूपांतरही याच काळातले.

आणि महाराज? २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, देखरेखीसाठी नेमलेल्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. जिवाला धोका होताच. बोट मात्र भलत्याच माणसाकडे दाखवले गेले होते.

शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीच्या शिक्षकांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले. एका तक्रारीवरून सुरुवात झाली. मग शेकडो मुलांना सूचक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले आणि मोठ्यांना अपेक्षित असलेली उत्तरे मिळत गेली. १९९० पर्यंत खटले चालले, एकही दोषी ठरला नाही. तेथे पत्रे नव्हती, प्रश्न होते. आपल्याकडच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यातील कलम २२ द्वेषबुद्धीने खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला शिक्षा सांगते, मात्र तक्रार करणाऱ्या बालकाला त्यातून वगळते.

आगरकर पीडितांविषयी बोलायचे थांबले नाहीत. टिळकांशी मतभेद होऊन १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढल्या वर्षी ‘सुधारक’ काढला. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधातून मरण पावली. संमतिवय तेव्हा दहा वर्षे असल्याने तो कायद्याने बलात्कार ठरला नाही. हे वय बारा करण्याच्या विधेयकावरून महाराष्ट्र पेटला. टिळक विरोधात, तर आगरकर बाजूने उभे राहिले. १८८१ मध्ये कागदाच्या चार तुकड्यांवर खवळलेल्या पुण्यातील अनेकांना येथे मृतदेह समोर असूनही गुन्हा दिसेना. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली होती.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, एकोणचाळीस वर्षेही पुरी झालेली नसताना, त्यांचे पुण्यात निधन झाले.