श्रीमंत सयाजीराव महाराज आणि शाळेचा हजेरीपट

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे एक लहानसे खेडे आहे. मालेगावावरून वाहणारी गिरणा पुढे आपल्या जळगाव जिल्ह्यात येते. तेव्हा हे गाव आपणां खानदेशवासीयांस फारसे परके नाही. या गावी ११ मार्च १८६३ रोजी काशीराव गायकवाड व उमाबाई या दांपत्याच्या पोटी एक पुत्र जन्मास आला. त्याचे नाव गोपाळ. घराणे गायकवाडांचे खरे, परंतु राजवैभवाशी त्याचा संबंध फार दूरचा. घरी शेती होती आणि मुलेही शेतकऱ्यांच्या मुलांसारखीच वाढत होती. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत या मुलास अक्षरओळख झालेली नव्हती. हाच गोपाळ पुढे बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव म्हणून हिंदुस्थानभर ख्याती पावला.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल असे एखादे चरित्र लिहून देण्याची आज्ञा केली, तेव्हा मजसमोर पुष्कळ नावे आली. परंतु ज्याचा सारा जन्म मुलांची हजेरी मांडण्यात गेला, त्याला सयाजीरावांवाचून दुसरे नाव कसे सुचणार?

बडोद्याचे महाराज मल्हारराव यांना इंग्रज सरकारने १८७५ साली पदच्युत केले. त्यांच्यापूर्वीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाई यांस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून मुले नेण्यात आली आणि त्यांतून गोपाळची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधी होऊन कालपर्यंत रानात हिंडणारा मुलगा गादीवर बसला. राज्यकारभार सर टी. माधवराव या मुरब्बी दिवाणांनी हाती घेतला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एलियट नावाचे इंग्रज गृहस्थ बालमहाराजांचे शिक्षक म्हणून नेमले गेले.

चरित्रातील हा भाग आमच्या विद्यार्थ्यांनी सावकाश वाचावा. महाराजांसाठी राजवाड्याची निराळी शाळा काढण्यात आली व सोबतीस आप्तांची आणि सरदारांची काही मुले देण्यात आली. पहाटे उठणे, तालीम, घोड्यावरील रपेट, आणि त्यानंतर दिवसाचा मोठा भाग धडे, असा क्रम ठरला. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा एकदम शिकावयाच्या होत्या. बाराव्या वर्षी पाटी हाती धरणाऱ्या मुलास हे सोपे गेले असेल, असे कोणी समजू नये. आरंभी त्यांची प्रगती मंदच होती, आणि ज्याच्यावर राज्य सोपवावयाचे तो मुलगा या ओझ्याखाली टिकतो की नाही, अशी शंका शिक्षकांस वाटावी अशीच ती होती. गादीचा धनी असल्यामुळे आज मन नाही, उद्या बघू, असे म्हणणे त्यांस अशक्य नव्हते. पण ठरलेल्या वेळी ठरलेले काम हा नेम पुढे सहा वर्षे चालला. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली, तेव्हा अठरा वर्षांचा हा तरुण राज्यकारभाराचे कागद स्वतः वाचून त्यावर हुकूम देऊ शकत होता. पुढेही आयुष्यभर त्यांचा दिवस घड्याळाप्रमाणे वाटलेला असे. व्यायाम, वाचन, कचेरीचे काम यांच्या वेळा ठरलेल्या असत.

महाराजांच्या अंगी असामान्य बुद्धी होती म्हणून हे घडले, असे पुष्कळांस वाटते. माझे मत थोडे वेगळे आहे. तितक्याच बुद्धीची मुले मी पिंप्राळ्यात व आसपासच्या खेड्यांत अनेक पाहिली. फरक इतकाच, की सहा वर्षे एकही दिवस वाया न जाऊ देणारे कोणी त्यांच्या मागे उभे नव्हते.

राज्य हाती आल्यावर महाराजांनी शिक्षणाकडे लक्ष वळविले. १८८२ च्या सुमारास, ज्यांस सवर्णांच्या शाळेत पाऊल ठेवता येत नव्हते अशा अस्पृश्य मुलांसाठी त्यांनी शाळा उघडल्या. १८९० साली कलाभवन ही उद्योगशिक्षणाची संस्था निघाली. परंतु शाळा उघडणे ही एक गोष्ट आणि मुले त्या शाळेत रोज येणे ही दुसरी, हे त्यांस लवकरच दिसून आले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, ही मागणी महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे मांडली होती. इंग्रज सरकारने ती मनावर घेतली नाही. सयाजीराव महाराजांनी मात्र १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा प्रयोग आरंभिला. मुलांसाठी सात ते बारा व मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा होती. ज्या वयात सक्ती संपत होती, त्याच वयात महाराजांनी स्वतः पहिले अक्षर गिरविले होते! तेरा वर्षांच्या अनुभवानंतर, १९०६ साली, हा कायदा सबंध बडोदे संस्थानास लागू झाला.

या कायद्याचे मर्म हजेरीत होते. नुसते नाव घालून भागत नसे. मूल शाळेत आले नाही तर पालकास दंड होई. म्हणजे खाड्याचा जाब मुलास नव्हे, बापास विचारला जाई. आम्ही शिक्षक मंडळी जन्मभर नेमके याच्या उलट करीत आलो. उशिरा आलेल्या मुलास वर्गाबाहेर उभे केले, छडी दिली, आणि त्याच्या घरी त्या सकाळी काय घडले हे क्वचितच विचारले. एक मुलगी रोज प्रार्थना संपल्यावर येई. मी तिला कित्येक दिवस दारातच थांबवीत असे. पुढे कळले की आई शेतात कामावर गेल्यावर धाकट्या भावाला आजीपाशी पोचवून ती धावत येत असे. ज्याला बोलावयास हवे होते त्याला मी एका शब्दाने बोललो नव्हतो.

दंडाच्या कायद्यावर टीकाही झाली, आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. ज्याच्या घरी मुलाच्या मजुरीवाचून चूल पेटत नाही, त्याला दंडाचा रुपया म्हणजे दोन दिवसांचे धान्य. दंडाच्या भीतीने मूल शाळेत येऊन बसले, तरी शिकविणारा योग्य नसेल तर त्याचा उपयोग काय, असाही प्रश्न होता. महाराज या अडचणी जाणत होते. शाळा सोडलेली मुले काही वर्षांत वाचणे विसरतात हे पाहून त्यांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे तज्ज्ञ आणविले आणि गावोगावी ग्रंथालये व फिरत्या पुस्तकपेट्या सुरू केल्या. १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणास अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, हे तर सर्वांस ठाऊकच आहे.

बडोद्याचे उदाहरण पुढे ठेवून नामदार गोखले यांनी १९११ साली ब्रिटिश हिंदुस्थानासाठी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक कौन्सिलात मांडले. १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात असा कायदा केला, त्यातही पालकास दंडाची तरतूद होती. आपल्या स्वतंत्र देशात बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात मुलास शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य सांगितले आहे, पण दंड नाही. हे बरे की वाईट, यावर शिक्षकांच्या खोलीत आमचे पुष्कळ वाद होत. मी दंडाच्या बाजूचा होतो. हल्ली तितका राहिलो नाही.

कारण खाड्याचे मूळ मी जवळून पाहिले आहे. आषाढी एकादशीस पिंप्राळ्याचा रथ निघतो. त्या दिवशी शाळेत कोणी नसावे, यात मला कधी वावगे वाटले नाही. पण पाहुणे आहेत म्हणून पुढचे दोन दिवस, मग बाजार आहे म्हणून एक, दिवाळीनंतर कापूस वेचणीस पंधरवडा, आणि लग्नसराईत तर विचारूच नये! यांतले कापसाचे दिवस गरजेचे. बाकीचे आपल्या सवयीचे. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे आता खाऊनपिऊन सुखी आहेत. त्यांच्याही मुलांच्या नावापुढे मी लग्नसराईत सलग खाडे मांडले आहेत, आणि ते मांडताना त्या आईबापांस चार शब्द सांगावयास मी संकोचलो, कारण पंगतीला मीही होतो.

महाराजांच्या घरी सुख मात्र टिकले नाही. पहिल्या राणीसाहेब १८८५ साली वारल्या. फत्तेसिंहराव, शिवाजीराव व जयसिंहराव हे तीन पुत्र महाराजांच्या डोळ्यांदेखत तरुणपणी गेले. एवढे आघात सोसूनही त्यांनी आपला दिनक्रम आणि राज्याचे काम सोडले नाही. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे त्यांचा अंत झाला आणि नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ ते बडोद्याचे राजे होते; त्याआधीची बारा वर्षे कवळाण्याच्या मातीत, पाटीपुस्तकावाचून गेली होती.