बिशप सॅम्युएल अजयी क्राउथर

आफ्रिका म्हणजे अंधारें, मुकें खंड, असें युरोपीय ग्रंथकार लिहीत. त्याच खंडांत, योरुबा देशांतील ओसोगुन गांवीं अजयी जन्मला. १८२१ सालीं गुलाम धरणाऱ्यांनीं त्याला पळविलें. पुढें इंग्रज आरमारानें त्याला पोर्तुगीज जहाजावरून सोडवून सिएरा लिओनला उतरविलें. तेथेंच तो शिकला. १८४६ सालीं, २५ वर्षांनीं, आई भेटली. प्रथम दोघांच्याही तोंडून शब्द फुटेना. योरुबा भाषेंत सुराच्या चढउतारानें शब्दाचा अर्थ पालटतो. (हिला रानटी म्हणावें काय?) तिचा शब्दसंग्रह क्राउथरांनीं रचला, पवित्र शास्त्राच्या भाषांतरांत मोठा वांटा उचलला. १८६४ सालीं ते अँग्लिकन मंडळीचे पहिले आफ्रिकी बिशप झाले. उतारवयांत मात्र तरुण गोऱ्या मिशनऱ्यांनीं त्यांचा अधिकार हिरावला. १८९१ च्या अखेरच्या दिवशीं ते वारले. त्यांच्या जागीं गोरा बिशप आला.