मुलांचे राखणदार संत योहान बॉस्को



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघालेल्या या स्मरणिकेंत देवळाच्या बांधणीचा, पूर्वीच्या धर्मगुरूंचा व दानशूर कुटुंबांचा वृत्तान्त आपणांस इतरत्र वाचावयास मिळेलच. आम्हीं मात्र या थोड्या पानांत अशा एका साधुपुरुषाचें चरित्र सांगण्याचें योजिलें आहे, कीं ज्याचा संबंध देवळाशेजारच्या शाळेशीं आणि तेथें रोज सकाळीं दप्तर घेऊन जाणाऱ्या आपल्या मुलामुलींशीं आहे. मूल हायस्कुलांत गेलें, म्हणजे दिवसाचा उत्तम भाग तें शाळेंत घालवितें. आईबाप त्याचे गुण पाहतात, हजेरी पाहतात, फी भरतात. परंतु तेथें तें निर्भय आहे काय, त्याच्या मनावर कांहीं ओझें आहे काय, आणि असल्यास तें कोणापाशीं हलकें करूं शकतें, हें विचारणारे थोडे. ज्या पुरुषानें हाच प्रश्न आपल्या आयुष्याचें कार्य मानिला, तो म्हणजे संत योहान बॉस्को.

योहानाचा जन्म उत्तर इटलींतील पीएमाँत प्रांतांत, बेक्की नांवाच्या लहानशा वाडींत, १६ ऑगस्ट १८१५ रोजीं झाला. तो पुरता दोन वर्षांचाही झाला नव्हता तोंच, १८१७ सालीं, त्याचा बाप फ्रान्चेस्को निवर्तला. आई मार्गारीता हिला लिहितांवाचतां येत नव्हतें. परंतु देवभीरु, कष्टाळू व विवेकी अशा त्या बाईनें तीन मुलांचा व म्हाताऱ्या सासूचा संसार शेतीवर चालविला. योहान नऊ वर्षांचा असतां त्याला एक स्वप्न पडलें. पुष्कळ मुलें खेळत, भांडत व शिव्याशाप देत होतीं. त्यांना गप्प करण्यासाठीं हा बुक्क्या मारीत त्यांच्यांत शिरला. तेव्हां एका तेजस्वी पुरुषानें त्याला थांबवून सांगितलें कीं, या मुलांना मारानें नव्हे, तर सौम्यपणानें व प्रेमानें जिंकावयाचें आहे. त्या वेळीं स्वप्नाचा अर्थ त्याला कळला नाहीं. तो कळण्यास पुढें पुष्कळ वर्षें लागलीं.

सावत्र भाऊ अंतोनियो याला धाकट्याच्या हातांतील पुस्तक खपत नसे. घरांतील तंटा मिटावा म्हणून आईनें १८२८ सालीं योहानाला मोग्लिया नांवाच्या कुटुंबाच्या शेतावर चाकरीस पाठविलें. पुढें कालोस्सो नांवाच्या एका वृद्ध धर्मगुरूनें त्याला आपल्यापाशीं घेऊन लॅटिन शिकविलें. या मुलानें कोणापुढें आपलें मन पूर्ण उघडें केलें असेल, तर तें याच धर्मगुरूपुढें. १८३० सालीं कालोस्सो वारले आणि योहान जणूं पुन्हां पोरका झाला. इतर धर्मगुरु वाटेंत भेटत, नमस्कार घेत व पुढें जात. मुलांशीं दोन शब्द बोलण्यास कोणी थांबत नसे. आपण धर्मगुरु झालों तर असें वागणार नाहीं, अशी त्यानें मनाशीं गांठ बांधली. आम्हां धर्मगुरूंस ही गोष्ट आजही बोंचावी अशीच आहे.

१८३१ पासून तो किएरी येथील शाळेंत शिकूं लागला. वर्गांतील सोबती त्याच्याहून पुष्कळ लहान होते. पोटासाठीं तो शिंप्याच्या हाताखालीं बसला, कॉफीच्या दुकानांत राबला. तरीही सोबत्यांसाठीं त्यानें एक आनंदमंडळ काढिलें. ख्रिस्ती मुलाला न शोभेल असें कांहीं बोलूं वा करूं नये, अभ्यास व धर्म यांचें कर्तव्य नीट पाळावें, आणि आनंदी राहावें, एवढेच त्याचे नियम होते. पुढें १८३५ सालीं तो सेमिनरींत दाखल झाला. तेथेंही वरिष्ठ दूरच राहत आणि बहुधा दोष देण्यासाठींच बोलावीत, हें त्याच्या मनाला लागलें. ५ जून १८४१ रोजीं तुरीन शहरांत त्याला गुरुदीक्षा मिळाली. इटलींत धर्मगुरूला डॉन म्हणतात. तेव्हांपासून ते जगाला डॉन बॉस्को या नांवानें ठाऊक झाले.

तुरीन त्या काळीं झपाट्यानें वाढत होतें. डोंगराकडील खेड्यांतून गरीब मुलें गवंड्यांच्या हाताखालीं, धुराडीं साफ करण्यास, मिळेल त्या कामास तेथें येत. त्यांना ना घर, ना शाळा, ना विचारपूस करणारें माणूस. संत योसेफ काफास्सो यांच्या सांगण्यावरून डॉन बॉस्को तुरुंगांत जाऊं लागले. तेथें बारा ते अठरा वर्षांचीं, अंगानें धडधाकट व बुद्धीनें तल्लख मुलें कोठड्यांत कुजत पडलेलीं पाहून त्यांचें काळीज हललें. सुटलेलीं मुलें थोड्याच दिवसांत परत येत, कारण बाहेर त्यांचें कोणी नसे. या मुलांना वेळींच एखादा हितकर्ता भेटता, तर तीं येथें आलीं नसतीं, असें त्यांच्या ध्यानांत आलें. अनर्थ झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षां तो घडूंच न देणें, हा त्यांच्या साऱ्या शिक्षणशास्त्राचा पाया तेथें घातला गेला.

८ डिसेंबर १८४१ रोजीं, निष्कलंक मारियेच्या सणादिवशीं, असिसीच्या संत फ्रान्सिसाच्या देवळांत ते मिस्सासाठीं वस्त्रें चढवीत होते. बार्तोलोमेओ गारेल्ली नांवाचा एक पोरका मुलगा साक्रिस्तींत थंडीपासून आडोशाला उभा होता. मिस्साची सेवा येत नाहीं असें त्यानें सांगतांच देवळाच्या सेवकानें त्याला काठीनें झोडपून बाहेर काढिलें. डॉन बॉस्कोंनीं तो आपला मित्र आहे असें सांगून त्याला परत बोलावून घेतलें. मिस्सा आटोपल्यावर त्यांनीं त्याला आईबापांविषयीं, लिहिण्यावाचण्याविषयीं विचारिलें. सर्वांस नकारच आला. शेवटीं शीळ घालतां येते काय असें विचारतांच मुलगा हंसला. मग दोघांनीं मिळून एक नमो मारिया म्हटली आणि धर्मशिक्षणास आरंभ झाला. ज्या दारांत मुलाला मार बसला, त्याच दारांतून त्याला मानानें आंत घेतलें गेलें, हें आपण ध्यानांत ठेवावें.

एका मुलाचीं अनेक झालीं. रविवारीं प्रार्थना, शिकवण व खेळ यांसाठीं जमणाऱ्या या मेळ्यास ऑरेटरी असें नांव होतें. तिला जागा कोणी देईना. गलबला होतो म्हणून शेजारी तक्रारी करीत. डॉन बॉस्कोंना वेड लागलें, असेंही कांहीं स्नेह्यांस वाटूं लागलें. अखेर १२ एप्रिल १८४६ रोजीं, पास्काच्या सणास, वाल्दोक्को भागांतील पिनार्दी याच्या पडवीवजा शेडमध्यें ऑरेटरी स्थिरावली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत आई मार्गारीता आपलें गांव सोडून त्या पोरांची आई होण्यास तेथें आली. पहिल्या प्रथम ज्यांना त्यांनीं माळ्यावर निजावयास जागा दिली, तीं मुलें पांघरुणें घेऊन पळालीं. तरीही १८४७ सालीं पावसांत भिजलेला एक पोरका मुलगा दारांत आला, तेव्हां मायलेकांनीं त्याला स्वयंपाकघरांत अंथरूण घालून दिलें. बोर्डिंगाचा आरंभ तो हाच.

कामास लागलेल्या मुलांसाठीं डॉन बॉस्को मेस्त्र्यांशीं लेखी करारनामे करूं लागले. १८५१ व १८५२ सालांतील असे करार आजही उपलब्ध आहेत. मुलाला शब्दानेंच समजवावें, मारूं नये. धंद्याबाहेरचें काम सांगूं नये. सणावारीं त्याला मोकळें सोडावें, अशीं कलमें त्यांत आहेत. पुढें १८५३ पासून त्यांनीं स्वतःच्या आवारांतच चांभारकाम, शिवणकाम, पुस्तकबांधणी, सुतारकाम व छापखाना हे धंदे सुरू केले, आणि १८५५ पासून माध्यमिक शिक्षणाचे वर्गही उघडिले.

या घरांतील दोन मुलांच्या कथा शिक्षकांनीं मुद्दाम ध्यानांत घ्याव्या. दोमिनिक साव्हियो १८५४ सालीं, बारा वर्षांचा असतां, तेथें आला. संत होण्याच्या ओढीनें तो देहाला कडक तपश्चर्या लावूं लागला. डॉन बॉस्कोंनीं ती बंद करविली. अभ्यास करावा, सोबत्यांस साह्य करावें व प्रसन्न राहावें, हीच त्याची तपश्चर्या ठरविली. १८५७ सालीं तो अल्पवयांत वारला आणि १९५४ सालीं ख्रिस्तसभेनें त्याला संत म्हणून घोषित केलें.

दुसरा मिखाएल मागोने. हा बापावेगळा मुलगा कार्मान्योला स्टेशनांत उनाड पोरांचा सेनापति होऊन खेळत असतां डॉन बॉस्कोंना भेटला. वाल्दोक्कोस आल्यावर पहिले कांहीं आठवडे त्याच्या आरडाओरड्यानें अंगण दणाणलें. मग तो एकाएकीं गप्प झाला, खेळ सोडून कोपऱ्यांत बसूं लागला, एकान्तांत रडूं लागला. पुष्कळ शाळांत अशा मुलाला आतां शहाणा झाला असें म्हणतील. डॉन बॉस्कोंनीं मात्र एक भला सोबती त्याच्याबरोबर ठेविला होता, आणि स्वतः त्याला जवळ बोलावून हळूवारपणें त्याच्या दुःखाचें कारण काढिलें. मुलगा पोटभर रडला, पापनिवेदन करून मोकळा झाला व पुन्हां हंसूंखेळूं लागला. १८५९ च्या जानेवारींत तो वारला. त्याचें चरित्र डॉन बॉस्कोंनीं स्वतः लिहिलें.

१८५९ सालीं त्यांनीं संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवानें सालेशियन संघ स्थापिला. मुलींसाठीं संत मारिया माझारेल्लो यांच्या साह्यानें १८७२ सालीं भगिनींचा संघ निघाला. १८६३ सालीं मिराबेल्लो येथें तुरीनबाहेरील पहिलें विद्यालय उघडलें, तेव्हां तेथें प्रमुख म्हणून जाणाऱ्या तरुण मिखाएल रुआ यांना त्यांनीं उपदेशपत्र दिलें. भीति बसविण्याआधीं प्रेम मिळवावें, मधल्या सुट्टींत मुलांमध्यें असावें, शिक्षकांच्या गरजा विचारून घ्याव्या, आणि स्वतः रात्रीं सहा तासांहून कमी झोंप घेऊं नये, असें त्यांत होतें. थकलेला, त्रासलेला शिक्षक मुलांना संभाळूं शकत नाहीं, हें त्यांना ठाऊक होतें.

१८७७ सालीं त्यांनीं आपली प्रतिबंधक पद्धति थोडक्यांत लिहून प्रसिद्ध केली. विवेक, धर्म व वात्सल्य हे तिचे तीन आधार. दडपणाच्या पद्धतींत नियम सांगावयाचा, मग दूर उभें राहून अपराध्याला पकडावयाचें. प्रतिबंधक पद्धतींत वडीलधारें माणूस मुलांत सतत वावरतें, बापासारखें बोलतें, वेळींच सावध करितें. मुलांना धांवण्याची, उड्या मारण्याची, ओरडण्याची भरपूर मोकळीक असते. मारणें, गुडघ्यांवर कष्टानें बसविणें, कान उपटणें हें सर्व त्यांनीं वर्ज्य ठरविलें. कारण तें कायद्याविरुद्ध आहे, मुलांना चिडवितें व शिक्षकालाच हलकें करितें. आणखीही एक गोष्ट त्यांनीं उघडपणें लिहून ठेविली: शिक्षक, मेस्त्री व देखरेख करणारे यांचें शील निर्विवाद असावें, कोणा एका मुलाशीं त्यांनीं विशेष सलगी करूं नये, कारण एकाच्या दुर्वर्तनानें सारी संस्था धोक्यांत येते.

मे १८८४ मध्यें रोमहून त्यांनीं वाल्दोक्कोच्या घरास एक पत्र लिहिलें. तेथील अंगण आतां पूर्वीसारखें राहिलें नव्हतें. मुलें कोपऱ्यांत कुजबुजत, आणि शिक्षक आपापसांत बोलत उभे राहत. मुलांवर प्रेम असणें पुरेसें नाहीं, तें त्यांना कळलें पाहिजे, हें त्या पत्राचें सार. जेथें मूल शिक्षकाला भितें, तेथें तें आपलें मन झांकून ठेवितें. ३१ जानेवारी १८८८ रोजीं पहांटे डॉन बॉस्को प्रभूच्या घरीं गेले. १ एप्रिल १९३४ रोजीं, पास्काच्या रविवारीं, पोप अकरावे पायस यांनीं त्यांना संतपद दिलें. त्यांचे पुत्र १९०६ सालीं तंजावर येथें आले. मुंबईस माटुंगा येथें व गोमंतकांत पणजी येथेंही त्यांच्या शाळा आहेत.

बंधुभगिनींनो, हें चरित्र आम्हीं केवळ गौरवासाठीं सांगितलें नाहीं. छडीवांचून विद्या येत नाहीं ही समजूत आपल्या घरांतून अजून गेलेली नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंतील मारहाण व मानसिक छळ यांस बंदी केली. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचें ज्याला कळेल त्यानें पोलिसांस कळविणें बंधनकारक ठरविलें. संस्थेचें नांव राखण्यासाठीं गप्प बसणें हा आतां अपराध आहे. देवापुढें तो पूर्वींपासून होताच. जगांत ठिकठिकाणीं ख्रिस्तसभेच्या संस्थांतही मुलांवर अत्याचार झाले व ते झांकले गेले, हें आम्ही मान खालीं घालून मान्य करितों. फाटकावर संताचें नांव कोरल्यानें मुलांचें रक्षण होत नाहीं. संताप्रमाणें वागल्यानें होतें.

म्हणून शिक्षकांस आमची विनंती कीं, मधल्या सुट्टींत अंगणांत असा, आणि एकाएकीं गप्प झालेल्या मुलाला शहाणा समजूं नका. आईबापांस विनंती कीं, रात्रीं जेवतांना गुणांआधीं दिवस कसा गेला तें विचारा. आणि मूल कांहीं वाईट सांगूं लागलें तर त्याला दटावूं नका, त्याच्यावर विश्वास ठेवा. मुलांनो, तुम्हीं कोणाला भीत असाल, तर आईबापांस, विश्वासाच्या शिक्षकाला वा आम्हांस येऊन सांगा. तसें न जमल्यास १०९८ या क्रमांकावर फोन करा. सांगण्यांत तुमचा दोष कांहीं नाहीं. संत योहान बॉस्को आपल्या शाळेसाठीं प्रभूपाशीं विनवणी करोत, आणि पुढील ज्युबिली साजरी करणारीं आजचीं मुलें आपल्या शाळेची आठवण निर्भय मनानें काढोत.