जेम्स फोर्सिथ : अंतराचे गणित मांडणारा वनाधिकारी

मध्य भारतातील अरण्यांवर एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी विपुल लेखन केले. त्यातील बरेचसे आज ग्रंथालयांच्या कपाटांत धूळ खात पडले आहे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ मात्र त्याला अपवाद आहे. १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ सातपुड्याच्या अभ्यासकांना आजही टाळता येत नाही. परंतु या ग्रंथाच्या काही वर्षे आधी फोर्सिथने एक लहानसे तांत्रिक पुस्तक लिहिले होते, याची कल्पना फार थोड्यांना असते. ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ हे त्याचे नाव. शिकारीसाठी रायफल आणि गोळी कशी निवडावी, वेग महत्त्वाचा की वजन, लांबचा पल्ला हवा की जवळचा अचूक नेम, हा त्याचा विषय. त्याची दुसरी आवृत्ती १८६७ मध्ये लंडनहून निघाली.

फोर्सिथचा जन्म १८३८ चा. इंग्लंडमध्ये विद्यापीठीय शिक्षण घेऊन तो हिंदुस्थानात आला आणि बंगाल स्टाफ कोरमध्ये कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला. तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि त्याबरोबर चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. १८५८ च्या ऑक्टोबरमध्ये बाबूराव शेडमाके यांना चांद्यात फाशी देण्यात आले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८६१ मध्ये, नागपूर आणि सागर-नर्मदा हे प्रदेश एकत्र करून मध्य प्रांताची निर्मिती झाली. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले रिचर्ड टेंपल हे १८६२ पासून या प्रांताचा कारभार पाहू लागले. नव्या प्रांतात जंगल अफाट होते आणि त्याची माहिती अत्यल्प होती. कॅप्टन पिअर्सन यांच्या हाताखाली वनखात्याची उभारणी सुरू झाली आणि त्या खात्यात फोर्सिथला नेमण्यात आले.

१८६२ च्या प्रारंभी तो पचमढीच्या पठारावर पोहोचला. तेथे त्याने बांधलेले ‘बायसन लॉज’ आजही उभे आहे. त्यानंतरची दोन-तीन वर्षे तो नर्मदेच्या खोऱ्यापासून अमरकंटकपर्यंत हिंडला. त्याची भटकंती मुख्यतः सातपुड्यात आणि त्याच्या पूर्वेस झाली. चांद्याचे जंगल त्याच प्रांताचा दक्षिण भाग. तेथेही तोच साग, तोच बांबू, तोच वाघ, रानगवा आणि सांबर. त्यामुळे त्याने शिकारीविषयी जे लिहिले, ते वर्धा आणि वैनगंगेच्या काठच्या रानालाही तितकेच लागू पडते.

ती ठासणीच्या बंदुकांची अखेरची वर्षे होती. लष्कराने निमुळत्या, लांबट गोळीची रायफल स्वीकारली होती. ही गोळी हवेत आपला वेग टिकवून धरी आणि आठशे-हजार यार्डांवरही मारा करी. साहजिकच शिकाऱ्यांनाही तिचा मोह पडला. फोर्सिथने नेमक्या याच मोहावर बोट ठेवले. लष्करी गोळी दूर जाते हे खरे. पण ती जड असल्याने आणि दारूचा भार मर्यादित ठेवावा लागत असल्याने नळीतून तुलनेने संथ बाहेर पडते. संथ गोळीचा मार्ग कमानीसारखा वक्र असतो. युद्धभूमीवर अंतर मोजून मागचा दर्शक वर-खाली करता येतो. बांबूच्या बेटाआडून क्षणभर दिसणारे सांबर तेवढी उसंत देत नाही.

साध्या गणिताने हा मुद्दा उलगडतो. कोणतीही गोळी नळीबाहेर पडताच पृथ्वीकडे ओढली जाऊ लागते. हवेचा रोध बाजूला ठेवला, तर सेकंदाला ३०० मीटर वेगाच्या गोळीला १५० मीटर अंतर कापण्यास अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती सव्वा मीटर खाली येते. आता शिकाऱ्याने १०० मीटरचा अंदाज करून नेम धरला आणि जनावर प्रत्यक्षात १५० मीटरवर निघाले, असे समजू. या गोळीचा घाव नेमाच्या जवळजवळ ४० सेंटिमीटर खाली बसेल. छातीऐवजी पाय मोडेल. गोळीचा वेग सेकंदाला ४५० मीटर असेल, तर हीच चूक १८ सेंटिमीटरवर येते. मोठ्या जनावराच्या बाबतीत ती गोळी बहुधा मर्मस्थानाच्या आसपासच लागेल.

म्हणून फोर्सिथने काळाच्या उलट वाटेने जाणारा उपाय सुचवला. त्याने जुनी गोल गोळी पसंत केली. मात्र ती मोठ्या व्यासाची आणि दारूचा भरपूर भार देऊन उडवलेली. अडचण अशी होती की, नळीतील आटे जास्त पिळाचे असले, तर वेगाने सुटणारी शिशाची गोळी त्यांत न फिरता सरळ घसरून जाई आणि नेम बिघडे. व्हिटवर्थच्या प्रसिद्ध रायफलीत वीस इंचांत आट्यांचा एक पूर्ण फेरा होत असे. फोर्सिथने आठ फुटांहून अधिक लांबीत एक फेरा, इतका सौम्य पीळ आणि उथळ आटे सुचवले. गोल गोळी हवेत लवकर मंदावते, हे त्याला ठाऊक होते. परंतु जंगलातील शिकार बहुतांशी दीडशे यार्डांच्या आतच होते आणि तेवढ्या पल्ल्यात गोळीचा मार्ग सपाट असणे सर्वांत महत्त्वाचे, हा त्याच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

हा वाद केवळ हौशी लोकांचा नव्हता. चुकलेल्या गोळीचे मोल साहेबाला क्वचितच चुकवावे लागे. जखमी वाघाचा माग काढायला रानात शिरे तो गोंड किंवा कोरकू वाटाड्या. हाक्यात पुढे असत ते गावकरी, तेही काठ्या आणि ढोल घेऊन. पाय मोडलेला वाघ पुढे रानातील चपळ जनावरे मारू शकला नाही, तर तो गावाजवळची गुरे धरी आणि क्वचित माणूसही. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर तर परवान्याशिवाय बंदूक बाळगणेही रयतेला अशक्य झाले. कोणती गोळी निवडावी, या प्रश्नाला अशी ही दुसरी बाजू होती.

वाघाविषयीही फोर्सिथचे निरीक्षण त्या काळाच्या मानाने समतोल होते. सरकार तेव्हा वाघ मारणाऱ्याला इनाम देत असे. रानातील जनावरांवर जगणारा, गुरे मारणारा आणि माणसे मारणारा अशा वाघाच्या तीन तऱ्हा त्याने वेगळ्या ओळखल्या. पहिल्या तऱ्हेचा वाघ हरणे आणि रानडुकरे आटोक्यात ठेवून शेतकऱ्याचे हितच करतो, हे त्याने नोंदवले. पचमढीजवळच्या देनवा खोऱ्यातील एकाकी सालवन आणि तेथील बारशिंगे यांचा संबंधही त्याच्या नजरेतून सुटला नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेली गोंडांची लिंगोकथा त्याने इंग्रजी पद्यात आणली. अर्थात तो साम्राज्याचा अधिकारी होता. गोंडांकडे पाहण्याची त्याची दृष्टी राज्यकर्त्याचीच होती आणि त्यांची फिरती शेती त्याला जंगलाचा नाश वाटे. शिकारही त्याने मनसोक्त केली. हे सारे लक्षात ठेवूनच त्याला वाचले पाहिजे.

पुढे निमाड जिल्ह्याच्या जमाबंदीचे काम त्याच्याकडे आले. १८७१ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, त्याचे लंडनमध्ये निधन झाले. त्याचा मोठा ग्रंथ त्याच वर्षी वाचकांच्या हाती पडला.

त्याची गोल गोळी लवकरच कालबाह्य झाली. मागून काडतूस भरण्याच्या रायफली आल्या. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये धूरविरहित दारूचा शोध लागला आणि गोळीचा वेग पाहता पाहता सेकंदाला साडेआठशे मीटरांच्या पुढे गेला. या वेगाला वरच्या उदाहरणातील चूक जेमतेम पाच सेंटिमीटर उरते. फोर्सिथचा प्रश्न सुटला, असे वाटावे अशीच ही प्रगती होती. परंतु वेगाबरोबर नवा धोका आला. हलकी, अतिवेगवान गोळी जवळच्या अंतरावर आत शिरण्याऐवजी वरच फुटू लागली. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचे बंधू जॉर्ज ग्रे १९११ मध्ये पूर्व आफ्रिकेत सिंहाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडले. त्यांच्या हाती पॉइंट टू एट्टी रॉस ही त्या काळातील अत्यंत वेगवान रायफल होती. आणखी एक गोष्ट घडली. वेग वाढला तसा शिकारी अधिक दुरून बार टाकू लागला. अंतराच्या अंदाजात होणारी चूकही मग वाढत गेली. यंत्राने कमावलेले माणसाच्या हव्यासाने गमावले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे हे पर्व संपवले. ताडोबा १९५५ मध्येच राष्ट्रीय उद्यान झाले होते. १९९५ मध्ये तेथे व्याघ्र प्रकल्प आला. गडचिरोलीतील कोलामार्का हे २०१३ मध्ये रानम्हशींसाठी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. माणूस आणि वाघ यांचा संघर्ष मात्र संपला नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गडचिरोलीतील वडसा वनक्षेत्रात सीटी-१ या वाघाला बेशुद्ध करून पकडावे लागले.

बेशुद्धीच्या औषधाची सुई झाडणाऱ्या पथकापुढेही तोच जुना प्रश्न असतो. अंतर किती, हे आधी ठरवायचे आणि त्यानुसार बंदुकीतील वायूचा दाब निवडायचा. दाब कमी पडला, तर सुई वाटेतच पडते. जास्त झाला, तर ती जनावराला इजा करते. म्हणून पथकाला जवळ जावे लागते आणि थांबावे लागते. रायफल किती दूर पोहोचते यापेक्षा आपल्याला किती अंतर अचूक ओळखता येते, हे पाहून शस्त्र निवडावे, ही फोर्सिथची शिकवण शिकार संपल्यावरही रानात उपयोगी पडते आहे.