कापरेकर गुरुजी आणि १ ची माळ

बालमित्रांनो, ११ ला ११ ने गुणा. उत्तर येते १२१. आता १११ ला १११ ने गुणा: १२३२१. पुढे ११११ चा वर्ग १२३४३२१. जिना चढून पुन्हा उतरावा तसे आकडे! मुंबईजवळच्या डेम्लो, म्हणजे आताच्या डोंबिवली, स्टेशनवर एका तरुणाला यांचा अभ्यास करावासा वाटला, म्हणून त्याने यांना डेम्लो संख्या असे नाव दिले. त्याचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना आई वारली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकताना १९२७ साली कापरेकरांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले, पण त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते.

फावल्या वेळात त्यांच्या सोबतीला आकडे असत. त्यांवर ते छोट्या पुस्तिका छापत, गणिताच्या परिषदांना जात. पुष्कळ विद्वानांना हा पोरखेळ वाटे, ते हसत. गुरुजींनी आपला छंद सोडला नाही. १९४९ साली त्यांनी ६१७४ ची गंमत मांडली. कोणतेही चार आकडे घ्या, फक्त सगळे सारखे नकोत. त्यांच्यापासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ हजर! १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये गुरुजींविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर झाले. १९८६ साली देवळालीला त्यांचे निधन झाले.

नुसत्या १ च्या या माळेत आणखी एक कोडे आहे. ११ ही मूळ संख्या, म्हणजे तुमचा प्राइम नंबर. १ आणि ११ सोडून तिला कोणी भागत नाही. पण १११ म्हणजे ३ × ३७, आणि ११११ म्हणजे ११ × १०१. मग एकदम १९ वेळा १ लिहिले की मूळ संख्या मिळते, नंतर २३ वेळा, ३१७ वेळा आणि १०३१ वेळा.

शेवटच्या दोन संख्या मूळच आहेत हे सिद्ध करण्यात आपल्या कॅनडाचा वाटा आहे. विनिपेगच्या मॅनिटोबा विद्यापीठातील ह्यू विल्यम्स यांनी ३१७ वेळा १ ची संख्या १९७७ साली सोडवली. १०३१ वेळा १ ची सिद्धता त्यांनी हार्वी डबनर यांच्यासह दिली. ती १९८६ साली, गुरुजी गेले त्याच वर्षी, छापून आली. त्यांचे काम निराळे आणि हाताशी संगणक. गुरुजींकडे फक्त कागद आणि पेन्सिल. पण माळ तीच! ज्याला लोक पोरखेळ म्हणत, त्यातल्याच संख्यांवर विद्यापीठे राबत होती.

आता तुमची पाळी. १११११ मूळ आहे का? सूचना: ५० च्या आतले भाजक तपासा. आई-बाबांनी कॅल्क्युलेटर लपवून ठेवावा!