मज्जातंतूंचे अभ्यासक : कै. डॉ. वसंत खानोलकर

कै. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे कर्करोगाचे पंडित म्हणून सर्वश्रुत आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. परंतु त्यांनी महारोगावर जे काम केले ते पुष्कळ वाचकांच्या कानावर आले नसेल. मला स्वतःला ते अधिक मोलाचे वाटते.

डॉक्टरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे, गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. याच समाजाने केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या थोर गायिका दिल्या, ही गोष्ट आम्हां गाण्याच्या मंडळींना विशेष अभिमानाची. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी त्यांनी १९२३ साली मिळविली. मायदेशी परतल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजात व शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले आणि पुढे ते टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले.

सूक्ष्मदर्शकातून वर पाहून रोग्याची राहणी विचारण्याची त्यांना सवय होती. १९४५ साली सूर्याबाईंसमवेत लिहिलेल्या निबंधात, कमरेला वर्षानुवर्षे घट्ट कसलेल्या धोतराच्या काचाने होणारा त्वचेचा कर्करोग त्यांनी नोंदविला. आपल्या आजोबा-पणजोबांनी जन्मभर धोतरच नेसले. पण त्या काचाकडे असे पाहणारा विरळा.

आता महारोगाविषयी. याचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ सालीच पाहिला होता; तरी समाजाला दिसतात ते अंगावरचे चट्टे आणि झडलेली बोटे, त्यामुळे हा कातडीचा रोग अशीच समजूत राहिली. चट्टा बधिर का असतो, हा प्रश्न खानोलकरांनी मुळापासून हाती घेतला. रोग नुकता सुरू झालेल्या माणसांच्या चट्ट्यांतून कातडीचे बारीक तुकडे घेऊन त्यांचे पातळ काप ते तपासीत बसले. जंतूंचा माग त्यांना त्वचेतील अगदी बारीक मज्जातंतूंपर्यंत घेऊन गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५१ साली हा अभ्यास पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. मज्जातंतूंच्या टोकांतून जंतू शिरतात व त्याच वाटेने वर सरकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मज्जातंतूभोवती एक वेष्टन असते. मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत मेंदू व मज्जारज्जू यांतील हेच वेष्टन ठिकठिकाणी नष्ट होते. पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ साली तिचे स्वरूप स्पष्ट केले. तेथे शरीराची संरक्षक शक्तीच स्वतःवर उलटते. महारोगात मात्र बाहेरचा जंतू हातापायांच्या मज्जातंतूंत, वेष्टन घडविणाऱ्या श्वान पेशींतच बिऱ्हाड करतो. कोपरामागची नस जाड होते, करंगळी व अनामिका वाकू लागतात. स्पर्श गेलेल्या हाताला तापलेला तवा कळत नाही, भाजते, जखम चिघळते आणि बोटे जातात. शेजाऱ्यांना ती झडलेली बोटेच तेवढी दिसतात, आणि तेवढ्यावरून घरच्यांनीही माणसाला उंबऱ्याबाहेर काढल्याची उदाहरणे कमी नाहीत.

खानोलकरांचे सगळेच निष्कर्ष टिकले असे नाही, आणि ते सांगितल्याने त्यांची थोरवी उणावत नाही. भारतीय कर्करोग संशोधन केंद्र १९५२ साली निघाले, त्याचे ते पहिले संचालक. तेथे १९५८ साली बापट व कमल रणदिवे यांच्यासह महारोग्याच्या शरीरातून त्यांनी एक जंतू प्रयोगशाळेत वाढविला. महारोगाचा जंतू तो हाच, हे मात्र शास्त्रज्ञांनी मान्य केले नाही. खरा जंतू आजही काचपात्रात वाढत नाही. त्या दुसऱ्या जंतूपासून पुढे लस करून पाहण्यात आली, हा त्या कामाचा अनपेक्षित लाभ.

पद्मभूषण, १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, आंतरराष्ट्रीय कर्करोग संघाचे अध्यक्षपद, असे मान त्यांना मिळाले. १९७८ साली ते निवर्तले. अनेक औषधे एकत्र देऊन हा रोग बरा करण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सुचविली ती त्यानंतर, १९८१ साली. आज आरोग्य केंद्रात संशयित चट्ट्यावर डॉक्टर कापसाच्या टोकाने स्पर्श करून पाहतात, आणि मग रोग्याचा हात वाकवून कोपरामागची नस बोटांनी चाचपतात.