रिक्षाच्या हँडलमागचा माणूस

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरला स्टेशनबाहेर आलेला माणूस आधी शोधतो ती रिक्षा. वांद्रे आणि शीवच्या पलीकडे, मुंबई शहरात तिला परवानगी नाही. त्यामुळे मुंबईत ती फक्त उपनगरांची. तिचे स्कूटरसारखे हँडल, मुठीतले गिअर, एकाच बाजूने धरलेले पुढचे छोटे चाक ही मूळ रचना कोरादिनो दास्कानिओ या इटालियन अभियंत्याची. द्रुतगती महामार्गावर रिक्षाने वेग घेतला की कधीकधी हँडल थरथरू लागते. ते का, हे समजून घेताना या माणसाचे आयुष्य उपयोगी पडते.

दास्कानिओचा जन्म १८९१ साली इटलीतल्या पोपोली या डोंगराळ गावी झाला. उडण्याचे वेड लहानपणापासूनचे. शाळकरी वयातच त्याने स्वतः ग्लायडर बनवून पाहिला. १९१४ मध्ये तुरीनहून तो अभियंता झाला आणि पहिल्या महायुद्धात विमानदलाच्या कामाला लागला. पुढे त्याने ध्यास घेतला हेलिकॉप्टरचा. ऑक्टोबर १९३० मध्ये रोमजवळ त्याचे यंत्र १८ मीटर उंच गेले, एका उड्डाणात ८ मिनिटे ४५ सेकंद हवेत राहिले आणि आणखी एका उड्डाणात १,०७८ मीटर अंतर कापून गेले. त्या काळात हे तिन्ही विक्रम होते.

हेलिकॉप्टर वर उचलणे त्या काळी जमू लागले होते, अडत होते ते ताब्यापाशी. हवेत गेलेले यंत्र डोलायचे, गिरकी घ्यायचे. दास्कानिओने एकावर एक, उलटसुलट फिरणारे दोन मोठे पंखे बसवले आणि तोल सांभाळायला तीन छोटे पंखे जोडले. यंत्र किती जोरात जाते यापेक्षा ते हातात किती राहते, याचा विचार त्याने आधी केला. विक्रम झाले, पण पैसा आला नाही. १९३२ पासून तो पियाज्जो या विमान कंपनीसाठी काम करू लागला.

दुसऱ्या महायुद्धात पियाज्जोचा पोंतेदेरा येथील कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. विमाने बनवणे थांबले आणि मालक एन्रिको पियाज्जोने सामान्यांना परवडेल असे वाहन मागितले. दास्कानिओला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. बसायला अवघड, चाक बदलायला कटकटीची, चेनच्या तेलाने कपडे खराब करणारी. म्हणून त्याने उलट दिशेने विचार केला. आधी माणूस नीट बसवला आणि मग त्याच्याभोवती यंत्र मांडले. पाय ठेवायला सपाट जागा दिली, गुडघ्यांपुढे पत्रा दिला आणि विमानाच्या चाकासारखे एका बाजूने धरलेले पुढचे चाक लावले. एप्रिल १९४६ मध्ये तिचे पेटंट नोंदवले गेले. हीच व्हेस्पा. १९४८ मध्ये तिच्यामागे दोन चाके आणि माल ठेवायची जागा जोडून तीनचाकी 'आपे' झाली. १९६० च्या सुमारास बजाजने पियाज्जोशी करार केला आणि हे तंत्र महाराष्ट्रात रुजले.

आता थरथरण्याकडे वळू. रुग्णालयात स्ट्रेचर पळवत नेताना त्याचे पुढचे एखादे चाक फडफडते, हे अनेकांनी पाहिले असेल. हळू नेले तर तेच चाक मुकाट्याने मागे येते. हँडलखालचे चाकही वळण्याच्या अक्षाच्या किंचित मागे जमिनीला टेकते, म्हणून ते आपोआप सरळ राहू पाहते. पण बेअरिंग झिजून चाकाला 'प्ले' आला की सरळ होताना ते जरा पुढे जाते, मग परत येते, मग पुन्हा उलटीकडे जाते. ठरावीक वेगाला ही हेलकाव्यांची मालिका वाढत जाते. हाच तो 'वॉबल'. दुचाकी वळताना कलते, रिक्षा कलू शकत नाही. त्यामुळे वेगात हँडल झटकन वळले तर आतले मागचे चाक उचलले जाण्याचा धोका असतो.

त्यावरचा उपाय गॅरेजमध्ये आहे. हँडलचे कोन आणि बॉलरेस, पुढच्या चाकाचे बेअरिंग, शॉकअप, टायरची हवा आणि रिम 'आऊट' आहे का, या पाच गोष्टी पाहायला हव्यात. कोन नुसता आवळून भागत नाही. फार घट्ट केला तर हँडल जड होते आणि झिजलेला भाग झिजलेलाच राहतो. रस्त्यात थरथर सुरू झाली तर ब्रेकवर एकदम पाय देऊ नये. अॅक्सिलरेटर सोडावा, हँडल सरळ धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा.

बरेच चालक मात्र हा उपाय हातांनी करतात. मूठ आवळून, खांदे ताठ करून, दिवसाचे दहा-बारा तास. मग बोटांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतात, मानेत लचक भरते आणि ते सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येतात. गोळ्यांनी दुखणे कमी होते, पण तेच हँडल दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात असते. अशा रुग्णाला गाडी कुठली चालवता आणि हँडल थरथरते का, हे विचारायलाच हवे. मनगटाच्या तपासणीइतकाच तो प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रवाशांचेही हित यातच आहे. रिक्षाला दार नाही, पट्टा नाही. उलटली तर डोके थेट रस्त्यावर आदळते.

दास्कानिओने नंतर पिसा विद्यापीठात शिकवले, हेलिकॉप्टरवर पुन्हा काम केले आणि १९८१ मध्ये, नव्वदीत, त्याचे निधन झाले. लोक आपल्याला स्कूटरसाठीच ओळखतात, हेलिकॉप्टरसाठी नाही, याची त्याला खंत होती. पण माणसाला आराम आणि यंत्रावर ताबा हा त्याचा आग्रह दोन्हींत एकच होता. त्याचे तीनचाकी बाजारात माल नेण्यासाठी, बेताच्या वेगासाठी होते. महामार्गावर ते पळवायचे आपण ठरवले. तेव्हा रिक्षात बसल्यावर हँडल थरथरताना दिसले, तर दोन मिनिटे उशीर झाला तरी चालेल, दादा, जरा हळू घ्या, असे सांगायला संकोच करू नये. आणि चालकाने पुढच्या सुट्टीच्या दिवशी कोन उघडून पाहावेत. मनगटावरच्या उपचारांपेक्षा ते स्वस्त पडते.